लोकशाही नसलेल्या राज्यांत गावाच्या हाती कारभार का दिला जातो?

बोरीकाठ, अमळनेर

नमस्कार. राज्यशास्त्राच्या एम.ए.च्या शेवटच्या सत्रात मला ‘लोकशाही नसलेल्या राज्यांतील विकेंद्रीकरण आणि स्थानिक शासन’ या विषयावर निबंध लिहायचा आहे. वाचन बरेच झाले आहे, परंतु वाचत जावे तसा मूळ प्रश्न अधिकच अवघड होत चालला आहे, म्हणून येथे विचारते.

आपल्याकडे स्थानिक स्वराज्य शिकवताना बलवंतराय मेहता समितीचा १९५७ चा अहवाल, महाराष्ट्राचा १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आणि १९९३ मध्ये अमलात आलेली ७३ वी घटनादुरुस्ती असा एकच रस्ता दाखवला जातो. आधी देशात लोकशाही आली आणि मग ती पायरीपायरीने गावापर्यंत उतरली, असे त्यात गृहीत असते. बाहेर पाहिले तर चित्र वेगळे दिसते. चीनमध्ये देशाच्या पातळीवर पक्षापक्षांत निवडणूक होत नाही, तरी गावसमितीची निवडणूक मात्र कायद्यात आहे. पाकिस्तानात स्थानिक संस्थांच्या तीन मोठ्या योजना आल्या आणि त्या तिन्ही लष्करी राजवटींनी आणल्या. व्हिएतनामने एकपक्षीय राज्यव्यवस्था न सोडता गावकऱ्यांना हिशेब विचारण्याचा अधिकार देणारे नियम केले. ज्या राज्यकर्त्याला वरची सत्ता मताला लावायची नाही, तो खालची सत्ता मताला का लावतो? आणि लावली तर ती सत्ता म्हणावी की देखावा?

दुसरी बाब घरची आहे. राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि आरक्षणाच्या न्यायालयीन वादात निवडणुका अडकल्यामुळे पुढे कित्येक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. म्हणजे त्या काळात लोकशाही देशात जिल्ह्याला निवडलेला कारभारी नव्हता आणि लोकशाही नसलेल्या देशात गावाला होता. या दोहोंना एकाच मापाने मोजता येईल असे काही माप आहे का? व्याख्या माझ्याजवळ भरपूर आहेत. कृपया प्रत्यक्ष उदाहरणांवरून सांगावे.

पांझराकाठ, धुळे

ताई, ‘का दिला जातो’ याचे उत्तर शोधण्याआधी नेमके काय दिले जाते ते पाहावे लागेल. दूरच्या राजधानीत बसलेल्या कोणत्याही सत्ताधाऱ्याला, मग तो मतपेटीतून आलेला असो वा नसो, दोन गोष्टी कळत नाहीत. गावात काय बिघडले आहे हे कळत नाही, आणि ते सुधारायला ज्याला पाठवले तो तिथे काय करतो हेही कळत नाही. वृत्तपत्रे, विरोधी पक्ष आणि न्यायालये मोकळी असली की या दुसऱ्या अज्ञानावर काही प्रमाणात इलाज होतो. पण ज्याने ही तिन्ही दारे स्वतःच बंद केली आहेत, त्याला स्वतःच्या अधिकाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी गावकऱ्यांचीच गरज भासते. गावपातळीवरची निवडणूक ही त्याच्या दृष्टीने स्वस्तातली देखरेख असते.

चीनचे उदाहरण याच दृष्टीने पाहावे. सामूहिक शेतीची कम्यून व्यवस्था मोडकळीला आली तेव्हा गावांत चोऱ्या, पाण्याची भांडणे आणि जंगलतोड वाढली, आणि १९८० मध्ये ग्वांगशी प्रांतातील हेझाई गावच्या लोकांनी आपणहून एक समिती निवडली. १९८२ च्या राज्यघटनेने अशा गावसमित्यांना मान्यता दिली, १९८७ मध्ये प्रायोगिक कायदा आला आणि १९९८ मध्ये तो कायम झाला. या कायद्याचा सर्वांत मोठा पाठीराखा पंग झेन हा पक्षातला जुना, कडवा नेता होता. उदारमतवादी म्हणून त्याची कधीच ख्याती नव्हती. ग्रामीण अधिकाऱ्यांच्या जुलमामुळे शेतकरी पक्षापासून तुटत आहेत, आणि त्यांना आवर घालण्याचे काम वरून होण्यासारखे नाही, असा त्याचा रोख होता. म्हणजे गावाला मत मिळाले ते पक्ष टिकावा म्हणून.

आता या मताची धाव कुठवर जाते ते पाहा. कायद्यानुसार गावसमिती ही शासनाची पायरीच नाही. ती ‘स्वयंशासित जनसंघटना’ आहे. शासन सुरू होते ते तिच्या वरच्या नगरपंचायतीसारख्या स्तरापासून, आणि तिथला प्रमुख वरच्या पक्षसमितीच्या मर्जीने ठरतो. १९९८ च्या अखेरीस सिचुआन प्रांतातील बुयुन येथे हा प्रमुखही थेट लोकमताने निवडण्याचा प्रयोग झाला, तेव्हा तो घटनेला धरून नाही असे सांगण्यात आले आणि तो इतरत्र पसरू दिला गेला नाही. तालुक्या-जिल्ह्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला अनेक वर्षे वर्षाकाठी उद्दिष्टे दिली जात: आर्थिक वाढ किती, लोकसंख्या नियंत्रण किती, आणि आपल्या हद्दीतून वर तक्रारी किती गेल्या. त्याची बढती या तक्त्यावर अवलंबून असे. तक्रारी कमी दाखवायच्या असतील तर तक्रारीचे कारण दूर करता येते किंवा तक्रारदाराला वाटेतच अडवता येते. दुसरा मार्ग अधिक सोपा असल्याने तोच बहुधा निवडला जाई.

पैशाची बाजू तर याहून बोलकी आहे. १९९४ च्या करवाटप सुधारणेने एकूण महसुलातला केंद्राचा वाटा वर्षभरात सुमारे २२ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांच्या आसपास नेला, पण शाळा, दवाखाने, निवृत्तिवेतन आणि रस्ते यांची जबाबदारी खालीच राहिली. आज त्या देशातील सरकारी खर्चापैकी ८० टक्क्यांहून अधिक खर्च प्रांत व त्याखालचे स्तर करतात. केवळ खर्चाचा आकडा पाहिला तर चीन हा जगातील सर्वांत विकेंद्रित देशांपैकी एक ठरतो, आणि अनेक अहवालांत तसे छापूनही येते! उत्पन्न आणि खर्च यांतली ही दरी खालच्या सरकारांनी आधी शेतकऱ्यांवर नाना पट्ट्या बसवून भरून काढली. त्यातून १९९० च्या दशकात गावोगाव असंतोष झाला, आणि २००६ पासून केंद्राने शेतीवरचा करच रद्द केला. मग स्थानिक सरकारे जमिनीकडे वळली. गावाची सामूहिक जमीन शेतीच्या उत्पन्नाच्या पटीत मोबदला देऊन घ्यायची, तिचा वापर बदलायचा आणि बांधकाम व्यावसायिकांना चढ्या दराने द्यायची, हा अधिकार त्यांच्याकडेच होता.

ग्वांगडोंग प्रांतातील वुकानचे प्रकरण यातूनच घडले. गावची जमीन परस्पर विकल्यावरून २०११ मध्ये लोकांनी उठाव केला आणि अधिकाऱ्यांना गावाबाहेर घालवले. प्रांताच्या नेतृत्वाने तडजोड करून मार्च २०१२ मध्ये गुप्त मतदानाची निवडणूक होऊ दिली, आणि आंदोलनाचे नेते लिन झुलुआन निवडून आले. जगभर कौतुक झाले. परंतु निवडलेल्या समितीला जमीन परत मिळवता आली नाही, कारण जमिनीचे व्यवहार तिच्या वरच्या स्तरांत अडकलेले होते. आणि २०१६ मध्ये लिन यांनाच लाचखोरीच्या आरोपावरून तीन वर्षांहून अधिक तुरुंगवासाची शिक्षा झाली. निवडणूक खरी होती, मतमोजणी खरी होती, मात्र ज्या कारणासाठी मत दिले ते कारण मतदानाच्या कक्षेबाहेर ठेवलेले होते.

तेव्हा माप विचारले म्हणून सांगतो. पदावरचा माणूस आपली खुर्ची कोणामुळे टिकते असे मानतो, आणि त्याच्या तिजोरीत पैसा कोणत्या बाजूने येतो, एवढेच आधी शोधा. निवडणूक झाली की नाही हा प्रश्न त्यानंतर घ्यावा.

गिरणाकाठ, चाळीसगाव

सरळ शब्दांत सांगायचे तर हा सारा देखावा आहे. हुकूमशहा बाहेरच्या कर्जदात्यांना आणि देणगीदार संस्थांना दाखवण्यासाठी ग्रामसभा भरवतो. त्यावर निबंध लिहून त्याला प्रतिष्ठा का द्यावी? विकेंद्रीकरणाचा अभ्यास करायचा तर केरळचा करावा.

रावेरकर

चाळीसगावच्या भाऊंशी मी सहमत नाही. देखावाच करायचा असता तर तो एवढ्या खर्चाने आणि एवढ्या चिकाटीने कोणी केला नसता. पाकिस्तानचा इतिहास पाहिला तर स्थानिक संस्था हे तेथील लष्करशहांचे आवडते आणि उपयोगी हत्यार होते असे दिसते.

अयूबखानांनी ऑक्टोबर १९५८ मध्ये सत्ता घेतली आणि बरोबर वर्षभरात ‘मूलभूत लोकशाही’ची योजना जाहीर केली. देशाच्या पूर्व आणि पश्चिम भागांतून प्रत्येकी ४० हजार, असे एकूण ८० हजार स्थानिक प्रतिनिधी निवडायचे होते. तळाशी युनियन कौन्सिल, म्हणजे काही गावांची मिळून एक परिषद. पण वर तहसील आणि जिल्ह्याच्या कौन्सिलांचे अध्यक्ष सरकारी अधिकारी. फेब्रुवारी १९६० मध्ये याच प्रतिनिधींकडून अयूबखानांनी स्वतःवर विश्वासाचे मत घेतले, त्यात ९५ टक्क्यांहून अधिक मते त्यांच्या बाजूने पडली. १९६२ च्या राज्यघटनेने त्यांनाच राष्ट्राध्यक्षाचे मतदारमंडळ बनवले. जानेवारी १९६५ च्या निवडणुकीत विरोधी उमेदवार फातिमा जिनांच्या सभांना लोटलेली गर्दी मतपेटीपर्यंत पोहोचू शकली नाही, कारण गर्दीला मतच नव्हते. ते त्या ८० हजारांनाच होते, आणि गावातील रस्ते, कालवे, परवाने यांसाठी ते जिल्हाधिकाऱ्यावर अवलंबून होते. हेतू अगदी स्पष्ट होता. शहरांतले वकील, विद्यार्थी आणि पक्षांचे कार्यकर्ते हा मधला थर ओलांडून गावातील वजनदार माणसाशी थेट सोयरीक जोडायची. ती दहा वर्षे पुरली. १९६८-६९ मध्ये रस्त्यावरचे आंदोलन उसळले तेव्हा या प्रतिनिधींपैकी फारसे कोणी त्यांच्या बाजूने उभे राहिले नाही.

झिया उल हक यांनी १९७७ मध्ये सत्ता घेतली, सार्वत्रिक निवडणूक पुढे ढकलली, आणि १९७९ मध्ये स्थानिक निवडणुका मात्र पक्षविरहित पद्धतीने घेतल्या. मुशर्रफ यांची २००१ ची योजना या सर्वांत धाडसी होती. जिल्हाधिकाऱ्याचे वसाहतकालीन पद तिने मोडले, जिल्हा प्रशासन निवडून आलेल्या नाझिमाच्या (जिल्हाप्रमुखाच्या) हाताखाली आणले आणि स्त्रियांना ३३ टक्के जागा दिल्या. हजारो स्त्रिया प्रथमच सार्वजनिक पदावर आल्या. याला देखावा म्हणणे मला जड जाते. पण याच योजनेत प्रांतांना जवळजवळ वगळले होते, आणि ज्या प्रांतांत पक्षांचे बळ होते त्यांना बाजूला सारणे हाच तिचा राजकीय उपयोग होता.

खरी गंमत पुढे आहे. २००८ मध्ये निवडलेली सरकारे परत आली आणि पाहता पाहता ही व्यवस्था गुंडाळली गेली. २०१० च्या १८ व्या घटनादुरुस्तीने केंद्राकडून प्रांतांना भरपूर अधिकार मिळाले, तिच्यात स्थानिक संस्थांचे कलमही आहे, पण प्रांतांनी जिल्ह्यांना काही दिले नाही. स्थानिक निवडणुका सर्वोच्च न्यायालयाच्या रेट्यामुळे २०१३ ते २०१५ दरम्यान झाल्या. कारण समजायला अवघड नाही. प्रांतिक आमदार आणि जिल्ह्याचा नाझिम हे दोघेही त्याच रस्त्याचे, त्याच गटाराचे श्रेय मागतात. आपल्याकडे आमदार निधीतून झालेल्या सभामंडपाच्या कोनशिलेवर सरपंचाचे नाव कितव्या ओळीत असते ते पाहिले की हे लगेच कळते. हुकूमशहाला मात्र ही स्पर्धा नसते. गटाराचे श्रेय नाझिमाने घेतले तरी त्याचे काही जात नाही. ताई, तुमच्या ‘का’चे एक उत्तर मला यात दिसते. ज्याला खालून प्रतिस्पर्धी उभा राहण्याची भीती नाही तोच खाली सढळ हाताने देऊ शकतो.

इराणमध्ये याच गृहीताला धक्का बसला हेही नोंदवतो. १९७९ च्या घटनेत गाव आणि शहर परिषदा होत्या, पण त्यांची पहिली निवडणूक सुधारणावादी राष्ट्राध्यक्ष खातमींच्या काळात, १९९९ मध्ये झाली. २००३ मध्ये तेहरानमध्ये मतदान अगदी कमी झाले, परिषद पुराणमतवाद्यांच्या हाती गेली, तिने अहमदीनेजाद यांना महापौर निवडले आणि दोन वर्षांत ते राष्ट्राध्यक्ष झाले. सुधारकांनी बांधलेल्या शिडीवरून त्यांचे विरोधक वर चढले.

बोरीकाठ, अमळनेर

धुळ्याचे सर आणि रावेरकर दादा, आपले आभार. मात्र या दोन उत्तरांतून मला एक पेच दिसतो. सरांच्या मते पदाधिकाऱ्याची खुर्ची वरच्यामुळे टिकत असेल तर विकेंद्रीकरण पोकळ आहे. परंतु मुशर्रफ यांच्या योजनेत खुर्ची खालच्या मतांवर होती आणि तरी संपूर्ण व्यवस्था वरच्या एका माणसाच्या राहण्या-जाण्यावर टिकून होती. म्हणजे पदाधिकारी कोणाला बांधील आहे याखेरीज ती संस्था रद्द करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हाही प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा लागेल ना? आणि लोकांना त्यातून प्रत्यक्ष काही मिळते का, यावर अजून कोणी बोललेले नाही.

सातपुडा पायथा, तळोदा

मी पंचायत विभागात विस्तार अधिकारी म्हणून नोकरी केली आहे. त्यामुळे ग्रामसभेच्या इतिवृत्तात काय लिहिलेले असते आणि चावडीवर प्रत्यक्ष काय झालेले असते यांतील अंतर मला चांगले ठाऊक आहे. लोकांना काय मिळते, एवढ्यापुरतेच लिहितो.

व्हिएतनामचे उदाहरण मला सर्वांत उद्बोधक वाटते. १९९७ मध्ये थायबिन्ह या प्रांतात शेतकरी मोठ्या संख्येने रस्त्यावर आले. हा प्रांत क्रांतीच्या काळापासून पक्षाचा बालेकिल्ला होता, म्हणून धक्का मोठा होता. तक्रार होती ती गावपातळीवरच्या अधिकाऱ्यांनी बसवलेल्या वर्गण्यांची आणि त्यांतल्या अफरातफरीची. सरकारने काहींना शिक्षा केली, आणि मे १९९८ मध्ये एक हुकूम काढला. लोकांनी जाणावे, चर्चा करावी, काम करावे आणि तपासावे, ही चौपदी त्यातूनच रूढ झाली. अंदाजपत्रक आणि जमीन वापराचा आराखडा जाहीर लावायचा, गावाच्या वर्गणीतून होणाऱ्या कामाचा निर्णय गावकऱ्यांनी घ्यायचा, आणि बांधकामावर त्यांच्या समितीने देखरेख करायची. २००७ मध्ये त्याचा दर्जा वाढला आणि २०२२ मध्ये संपूर्ण कायदा झाला. पक्षाबद्दल प्रश्न विचारण्याची सोय यात कुठेही नाही. पण पुलाच्या सिमेंटचा हिशेब विचारता येतो, आणि ज्याच्या घरून दरमहा वर्गणी जाते त्याच्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

याच देशातील दुसरा प्रयोग मात्र विकेंद्रीकरणाच्या पुरस्कर्त्यांना अस्वस्थ करणारा आहे. २००९ मध्ये दहा प्रांतांतल्या तालुकास्तरीय लोकपरिषदा चाचणी म्हणून बंद केल्या गेल्या. जिथे त्या बंद झाल्या आणि जिथे चालू राहिल्या अशा भागांची तुलना अभ्यासकांनी केली, तेव्हा परिषद नसलेल्या ठिकाणी रस्ते, आरोग्य यांसारख्या काही सेवा सुधारल्याचे दिसले. कारण असे की त्या परिषदांवर स्थानिक हितसंबंधी मंडळींचा ताबा होता आणि पैसा त्यांच्या सोयीने फिरत होता. पुढे २०१५ च्या कायद्याने परिषदा परत आल्या, आणि १ जुलै २०२५ पासून तर तालुक्याचा स्तरच रद्द झाला. प्रांत ६३ वरून ३४ झाले. संस्था रद्द करण्याच्या अधिकाराबद्दल ताईंनी जे विचारले त्याचे याहून ठळक उदाहरण सापडणार नाही. एवढा मोठा बदल लोकांचे मतदान न घेता काही महिन्यांत पार पडला.

युगांडाविषयीही दोन शब्द. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या मुसेवेनींच्या बंडखोर सैन्याने जंगलातील लढाईच्या काळातच गावोगाव प्रतिकार परिषदा उभ्या केल्या होत्या आणि १९८६ मध्ये सत्ता आल्यावर त्या देशभर नेल्या. सुरुवातीच्या काळात त्यांनी भांडणे मिटवली, शिपाई आणि पोलिसांच्या दंडेलीला आवर घातला, असे तेथील लोकही मान्य करतात. १९९७ च्या कायद्याने जिल्ह्यांना खरे अधिकार मिळाले. नंतर मात्र २००६ च्या निवडणुकीच्या तोंडावर जिल्ह्यांच्या उत्पन्नाचा मुख्य आधार असलेला डोईकर थांबवण्यात आला. लोकांना तो नकोच होता, त्यामुळे कोणी विरोध केला नाही. पण त्यानंतर जिल्हे केंद्राच्या अनुदानावर जगू लागले. त्याच वेळी जिल्ह्यांची संख्या तेहतीसवरून वाढत सव्वाशेच्या पुढे गेली, आणि प्रत्येक जिल्ह्यात राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला निवासी आयुक्त आहेच. तळाच्या गावपरिषदांची निवडणूक तर २००१ नंतर थेट २०१८ मध्ये झाली.

नवा जिल्हा म्हणजे वाईटच असे मी म्हणणार नाही. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा झाला तेव्हा धडगावच्या माणसाचा धुळ्याचा हेलपाटा वाचला, हे डोळ्यांनी पाहिले आहे. प्रश्न एवढाच की नव्या कार्यालयाबरोबर स्वतःचे उत्पन्न आणि स्वतःचा निर्णय आला की केवळ पाटी आली. आमच्या भागात पेसाखाली (आदिवासी क्षेत्रातील पंचायतींच्या कायद्याखाली) आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी थेट पंचायतींकडे येऊ लागल्यावर ग्रामसभेला येणाऱ्यांची संख्या वाढली. लोक भाषणासाठी येत नाहीत, वाटपाच्या निर्णयासाठी येतात.

फडकरी, साक्री

सर्व उत्तरे आधुनिक राज्यांची आली. आपल्याच मातीतला जुना दाखला कोणी दिला नाही, म्हणून लिहितो. पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवरची फड पद्धती, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी शेतकऱ्यांनी आपसांत वाटून घेण्याची रीत, निदान तीन-चारशे वर्षांची मानली जाते. तेवढ्या काळात वर मोगल होते, मराठे होते, इंग्रज होते. पाणी वाटणाऱ्याला यांपैकी कोणीही लोकशाही शिकवली नव्हती. बंधाऱ्याखालच्या थळाचे (भिजणाऱ्या क्षेत्राचे) फड, म्हणजे भाग, पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, दरवर्षी फेरपालट करायची, आणि पाण्याची पाळी पाटकरी, बारेकरी, हवालदार व जागल्या यांनी सांभाळायची. त्यांचा मेहनताना लाभधारकच धान्यरूपाने देत. पाट साफ करायला प्रत्येकाने जमिनीच्या प्रमाणात माणूस पाठवायचा, नाही पाठवला तर दंड. धुळ्याच्या सरांचे माप येथे लावून पाहा: पाटकऱ्याला ठेवणारे आणि काढणारे शेतकरीच होते, आणि पैसा म्हणाल तर तोही त्यांच्याच खळ्यातून येत होता.

मात्र त्याला ग्रामस्वराज्य म्हणून डोक्यावर घेऊ नये. फडाच्या पंचांत बसायला थळात जमीन लागत असे. भूमिहीनांना आणि स्त्रियांना तिथे जागा नव्हती, आणि पाटावर राबणाऱ्यांना पाण्याच्या निर्णयात स्थान नव्हते. वरच्या सत्तेने लोकांना मोकळे सोडले की गावातला दुर्बळ माणूसही मोकळा होतो, हा समज आपल्या गावगाड्याच्या इतिहासाकडे पाहून तरी कोणी करू नये.

दुसरा दाखला इंग्रजी राजवटीचा. मुंबई इलाख्यात १८६९ च्या लोकल फंड कायद्याने शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा पट्टी बसवली, आणि तिच्यातून रस्ते व शाळा करण्यासाठी समित्या नेमल्या. पुढच्याच वर्षी व्हाइसरॉय मेयो यांनी खर्चाचा भार प्रांतांवर ढकलण्याचे धोरण आणले. १८५७ नंतरच्या आर्थिक ओढाताणीत सापडलेल्या साम्राज्याला जबाबदारी खाली सरकवायची होती. १८८२ मध्ये रिपन यांनी यात राजकीय शिक्षणाचा हेतू मिसळला, १८८४ चा कायदा आला, आणि खानदेशात तालुका व जिल्हा लोकल बोर्डांवर निवडून आलेले सभासद बसू लागले; पण जिल्हा बोर्डाचा अध्यक्ष कलेक्टरच होता. पाकिस्तानातील १९५९ च्या जिल्हा कौन्सिलात जिल्हाधिकारी अध्यक्ष होता ते वाचून मला हेच आठवले. तो नमुना अयूबखानांनी नव्याने शोधलेला नव्हता, आपल्या दोन्ही देशांच्या आजोबांच्या घरातला होता. सातपुड्यातल्या काठीसारख्या मेवासी (डोंगरी प्रमुखांच्या) जहागिऱ्यांत तर इंग्रजांनी बोर्डही नेमले नाही. प्रमुखाला त्याच्या जागी राहू दिले आणि त्याच्यावर कलेक्टरची नजर ठेवली. एकाच जिल्ह्यात एकाच सत्तेने वेगवेगळ्या तऱ्हा वापरल्या होत्या.

पांझराकाठ, धुळे

साक्रीच्या नानांनी मोलाची भर घातली, पण एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. फड टिकला तो कोणी अधिकार दिले म्हणून नव्हे. पाणी फिरले की बागायतीचा सारा आपोआप येत होता, त्यामुळे राज्यकर्त्याला त्यात हात घालण्याचे कारणच पडले नाही. ते विकेंद्रीकरण नसून दुर्लक्ष होते, फार तर सोयीचे दुर्लक्ष. स्वातंत्र्यानंतर वरच्या अंगाला धरणे बांधली गेली, पाणी पाटबंधारे खात्याच्या ताब्यात आले आणि विहिरी व उसामुळे एका फडात एक पीक ही शिस्त सुटली. तेव्हा फड खिळखिळा झाला आणि पाटकऱ्याची बाजू मांडायला कायद्यात एक ओळही नव्हती. निवडून आलेल्या सरकारच्या काळात हे घडले, याचाही विचार निबंधात यावा.

ताईंनी रद्द करण्याच्या अधिकाराचा जो प्रश्न काढला तो माझ्या उत्तरात राहून गेला होता आणि तो आवश्यक आहे. चीनमध्येही २०१८ मध्ये गावसमितीची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली, आणि पक्षाचा गावसचिव व समितीचा अध्यक्ष एकच असावा असा आग्रह वाढला. गावकऱ्यांना विचारून यातले काहीच झाले नाही. आपल्या प्रशासकांच्या बाबतीत निदान न्यायालयात जाता आले, घटनेतील पाच वर्षांच्या मुदतीचे कलम दाखवता आले, वृत्तपत्रांत रोज लिहिता आले. एवढे असूनही वर्षे गेली, हे खरेच आहे.

चाळीसगावच्या भाऊंना एवढेच म्हणेन की केरळचा अभ्यास अवश्य व्हावा, पण जगातील फार मोठी लोकसंख्या केरळसारख्या व्यवस्थेत राहत नाही, आणि तिलाही नळाचे पाणी लागते.

बोरीकाठ, अमळनेर

सर्वांची आभारी आहे. चीनवर स्वतंत्र निबंध होईल इतके साहित्य असल्याने तो मी बाजूला ठेवते. १८८४ चे खानदेशातील लोकल बोर्ड, १९५९ ची पाकिस्तानची योजना आणि १९९८ नंतरचे व्हिएतनाम अशी तीन उदाहरणे घ्यायचे ठरवत आहे. तिन्ही ठिकाणी नेमणूक, उत्पन्न आणि बरखास्ती हे तीन अधिकार कोणाकडे होते ते आधी मांडेन, आणि तळोद्याच्या काकांनी सांगितलेला तालुका परिषदांचा प्रयोग प्रतिकूल पुरावा म्हणून ठेवेन. लोकल बोर्डापूर्वीची स्थिती कुठे पाहावी?

फडकरी, साक्री

१८८० च्या मुंबई गॅझेटियरच्या खानदेश खंडात महसुलाच्या प्रकरणात लोकल फंडाचा जमाखर्च आहे. रस्त्यांवर किती आणि शाळांवर किती हे त्यात वेगळे दाखवले आहे. तो खंड निवडणुकीपूर्वीचा असल्यामुळे १८८४ नंतरचे आकडे जुन्या प्रशासन अहवालांतून काढावे लागतील. पण आधी हा जमाखर्च वाचा, आणि पट्टी कोणत्या तालुक्यांतून गोळा झाली व खर्च कुठे झाला, हे दोन रकाने शेजारी मांडता येतात का ते पाहा.